इंजिनाची सर्दी

त्या गावात डॉक्टर दोन. एक माणसांचे, एक इंजिनाचे. नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की लोक इंजिनाचेच समजत. रीतसर शिकून, पाटी लावून बसलेल्या बिचाऱ्यांना मात्र दर वेळी 'माणसांचे डॉक्टर' असं लांबलचक म्हणावं लागे, आणि त्यांनीही ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

इंजिनाचे डॉक्टर म्हणजे रेल्वेच्या शेडमधले फिटर. लाइन बावीस किलोमीटरची. तिच्यावर दोन डब्यांची एकच डिझेल गाडी, दिवसातून दोनदा जायची आणि दोनदा यायची. या गावात रूळ संपत, म्हणून गाडी मुक्कामालाही इथेच. शेडमध्ये डॉक्टर एकटेच. त्यांचं हत्यार म्हणजे हातभर लांबीची एक लोखंडी सळई. एक टोक इंजिनावर ठेवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर टेकवायचं आणि डोळे मिटायचे. आत कुठला वॉल्व्ह कुरकुरतोय ते त्यांना बरोबर ऐकू येई. घरातला मिक्सर बिघडला तरी आधी सळई, मग पाना. एकदा सासरे दुपारचे घोरत पडले होते, तेव्हा डॉक्टर सळई घेऊन उठलेले पाहून बायकोनं त्यांचा हात धरला होता.

डॉक्टरांच्या बायकोला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. लग्नात आपल्याला नवरा मिळाला आणि इंजिनाला आई, असं त्या पाहुण्यांना सांगत.

आता या डॉक्टरांच्या हातून एक लबाडी होत होती, तीही अकरा वर्षं.

गाडी सुटे सहा वाजून दहा मिनिटांनी. पण वरच्या वाड्यांमधून येणारी एकुलती एक बस माणसांना स्टेशनात आणून टाके ती पाचच्या आत. प्रतीक्षालयाचं छप्पर कधीचं खचलं होतं, त्याला कुलूप. मग पंधरा-वीस माणसं तासाभराहून जास्त वेळ फलाटावर कुडकुडत उभी. त्यात शहरातल्या शिवणकारखान्यात जाणाऱ्या एक मावशी होत्या. एका हिवाळ्यात त्या डॉक्टरांना सहज म्हणाल्या, की बोटं अशी आखडतात की दहा वाजेपर्यंत सुईत दोरा जात नाही, आणि मुकादम बोलतो. एवढंच. तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याच्या गप्पा म्हणून.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला इंजिन सुरू झालं. डब्यातला हीटर इंजिनावर चाले. डॉक्टरांनी दारं उघडली आणि म्हणाले, बसा आत, इंजिन तापवायचंच आहे.

नियमाप्रमाणे इंजिन सुटण्याआधी फक्त पंधरा मिनिटं तापवायचं. वरचा तास कुठे दाखवायचा? नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना होता. त्यात डॉक्टरांनी लिहिलं, 'इंजिनाला सर्दी.' वरच्या ऑफिसात कोणी हूं की चूं केलं नाही. मग दुपारी शाळेच्या पोरींसाठी आणि संध्याकाळी परतीच्या बसची वाट बघणाऱ्यांसाठीही गाडी उभ्या उभ्या घुरघुरत राहू लागली. इंजिनाची सर्दी अकरा हिवाळे हटली नाही. खरं तर त्या इंजिनानं जन्मात एक शिंक दिली नव्हती.

डॉक्टरांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले असताना एक तरुण इंजिनिअरबाई आल्या. एवढ्या कमी वापराच्या लाइनीवर विजेच्या तारा टाकणं परवडेल का, हे त्यांना ठरवायचं होतं. खांब, तारा, वीजकेंद्र यांचा खर्च गाड्या दोन धावोत की दोनशे, फारसा बदलत नाही. त्यामुळे अशा लाइनींचं उत्तर बहुतेक 'नाही' असंच येतं, असं त्यांनी डॉक्टरांना समजावलं. वह्या घेऊन त्या चार दिवस शेडमध्ये बसल्या. डॉक्टर त्यांना चहा देत होते आणि त्यांचं पान कुठवर आलं ते बघत होते.

पाचव्या दिवशी बाई खुशीत म्हणाल्या, की ही लाइन वेगळीच निघाली. अशाच दुसऱ्या गाड्यांना सत्तर लिटर डिझेल लागतं तिथे ही शंभर पिते. वाटेत काहीतरी अवघड चढ असणार, शिवाय वहीतल्या रोजच्या 'सर्दी'वरून इंजिन पार खिळखिळं झालेलं दिसतंय. या आकड्यांवर विजेचं गणित काठावर का होईना, बसतं.

बातमी गावभर झाली. तारा येणार म्हणून न्हाव्यानं दुकानाला रंग काढला. जो तो डॉक्टरांची पाठ थोपटू लागला, जणू खांब तेच खांद्यावरून आणणार होते. डॉक्टरांच्या मात्र घशाखाली घास उतरेना.

डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी ताट वाढून समोरच बसल्या. तेव्हा सगळं बाहेर आलं. बोललो तर चौकशी लागणार, निवृत्ती तोंडावर आलेली. गावाच्या तारा जाणार. लोक म्हणणार, यानं आपलं लाडकं इंजिन वाचवायला घात केला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळचा हीटर बंद होणार. नाही बोललो तर नसलेल्या चढावर आणि धडधाकट इंजिनाच्या आजारपणावर बावीस किलोमीटर खांब उभे राहणार.

"अहो, पण ती पोर आकडे खरे धरून बसलीय ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या कोणी तिला विचारलं, बाई तो चढ दाखव, तर ती काय दाखवेल?"

हे डॉक्टरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते जेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी इंजिनिअरबाईंना बोलावून घेतलं. बाई शाल गुंडाळून आल्या. बाहेर तोंडातून वाफ निघत होती. गाडी फलाटावर घुरघुरत उभी होती, काचा आतून धुरकटलेल्या. आत एक म्हातारा बूट काढून पाय शेकत होता, दोन नर्सबाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. मावशी विणत होत्या. त्यांनी सरकून जागा केली. बाई बसल्या आणि पाच मिनिटांनी त्यांनी शाल काढली.

"हाच तो चढ," डॉक्टर म्हणाले. "तीस लिटरचा. इंजिन ठणठणीत आहे. त्याच्या नावावर मी उगाच सर्दी लिहीत आलो."

बाईंनी काढलेल्या शालीची घडी घातली. मग म्हणाल्या, "काका, मी चार दिवस इथे बसले होते. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमच्या फॉर्मात डिझेलचा रकाना होता," डॉक्टर म्हणाले. "थंडीचा नव्हता." आणि स्वतःलाच ते उद्धट वाटून त्यांनी हळूच जोडलं, "भीती वाटली हो."

बाईंनी गणित नव्यानं मांडलं. सत्तर लिटरांवर तारा बसेनात. अहवाल बदलला. डॉक्टरांना ताकीदपत्र आलं आणि इंजिन पंधरा मिनिटांच्या वर तापवायला सक्त मनाई झाली. ताकीदपत्र डॉक्टरीणबाईंनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. न्हाव्यानं महिनाभर डॉक्टरांची दाढी एक शब्द न बोलता केली; न्हाव्याच्या हातून याहून मोठी शिक्षा नाही. तो हिवाळा आणि पुढचाही मावशींनी फलाटावर काढला. डॉक्टर रोज पावणेपाचला घरून गरम पाण्याची मोठी किटली नेत आणि नजर चुकवत कप भरून देत.

पण इंजिनिअरबाईंच्या अहवालात शेवटी एक पान जास्तीचं होतं. तारा नकोत, असं त्यात म्हटलं होतं. बॅटरीवरची गाडी द्या. बावीस किलोमीटर जाऊन यायला एक चार्ज पुरतो. खांब वाटेत कुठे नकोत, जिथे रूळ संपतात तिथे एक मोठा प्लग पुरे. खाली एक अट होती: गाडी प्लगला लावून उभी असताना हीटर चालला पाहिजे आणि दारं पहिल्या बसच्या आधी उघडली पाहिजेत. अटीचं कारण काय, या रकान्यात बाईंनी एकच शब्द लिहिला होता, 'सर्दी.'

ती गाडी आली तेव्हा डॉक्टर निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. जुनं इंजिन दुसऱ्या लाइनीवर गेलं. सोबत डॉक्टरांनी एक चिठ्ठी पाठवली, की प्रकृती उत्तम आहे, मागच्या नोंदींवर विश्वास ठेवू नये.

पहिल्या दिवशी पावणेपाचला ते सळई घेऊन स्टेशनात हजर. गाडी प्लगला लागून शांत उभी. त्यांनी सळई टेकवली, डोळे मिटले. बराच वेळ उभे राहिले. आत काहीच नाही. ठणठणीत आहे की गेलीय, काही कळेना. मग दारं आपोआप उघडली, आतली ऊब त्यांच्या तोंडावर आली आणि पाठोपाठ बस आली.

मावशी आपल्या जागेवर बसल्या. त्यांनी पिशवीतून सुई काढली, दोरा ओठांत ओला केला आणि डॉक्टरांकडे बघत, न चाचपडता, एका झटक्यात ओवला.

"बसा की डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तासभर आहे अजून."

डॉक्टर सळई मांडीवर आडवी घेऊन बसले. त्यांना कुठे जायचं नव्हतं. गाडी सुटायच्या आत झोप लागली, आणि घोरण्याचा आवाज असा काही चालू झाला, की पुष्कळांना जुन्या इंजिनाची आठवण आली.