आजार कोणत्या घरचा

माझ्या धाकट्या भावाच्या गोठ्यात गाय भरवायची वेळ आली की तो डॉक्टरला पहिला प्रश्न विचारतो, वळूच्या आईचं दूध किती. वळू त्याने जन्मात पाहिलेला नसतो. डॉक्टर टाकीतून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढतो, तेवढंच त्या वळूचं दर्शन. पण त्याची आई, आजी, बहिणी, सगळ्यांची कुंडली मोबाइलवर वाचून झाल्याशिवाय हा गायीला हात लावू देत नाही. मध्यंतरी तर त्याने कालवडींच्या कानांचे नमुने तपासायला दिले. जनुकं बघून कोणती कालवड पुढे दुधाला चांगली निघेल हे म्हणे आधीच कळतं. सटाण्याला बसून कांद्याचा व्यापार करणारा माझा भाऊ फोनवर मला तासभर जीनोम समजावून सांगत होता आणि मी कौतुकाने ऐकत होते. तेव्हा मला काय माहीत, हाच माणूस पुढे माझ्या नाकी नऊ आणणार आहे.

मी अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. लोखंडाची साधी पट्टीसुद्धा तपासणीशिवाय आम्ही आत घेत नाही. स्वतःच्या छातीतली गाठ मात्र मी चार महिने अंगावर काढली, दिवाळी होऊ दे, ऑडिट होऊ दे, असं करत. मग ऑपरेशन, केमो, केस गेले, सगळं रीतसर झालं. उपचार संपत आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जनुकाची तपासणी करून घेऊ. केली. एका जनुकात बिघाड निघाला, जन्मापासूनचा, आईवडिलांपैकी कोणाकडून तरी आलेला. त्यांनी विचारलं, वडिलांकडच्या बायकांमध्ये कोणाला असं काही होतं का. मला आमची आत्या आठवली. ती छातीतल्या गाठीनेच गेली. आम्ही लहान होतो, घरात नजर लागली एवढंच बोललं जायचं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. वडिलांकडून आलं असेल तर भावाकडेही असू शकतं. त्याच्याकडे असलं तर त्याच्या मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी. भावाची तपासणी करा. त्याच्यात नाही निघालं तर मुलीची या बाबतीतली काळजी मिटली. निघालं तर तिची करा, आणि तिच्यात निघालं तर दरवर्षी लक्ष ठेवता येतं, गाठ मोठी व्हायची वाट बघावी लागत नाही. इतकं सोपं होतं. माझ्या मुलाने दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त दिलं, त्याच्यात काही निघालं नाही. मला वाटलं, भाऊ तर जीनोमवाला माणूस, तो काय, धावत येईल.

"ताई, आत्याचा आजार आपल्या घरचा कसा काय?" तो फोनवर म्हणाला. "ती दिल्या घरची. लग्न झालं, गोत्र बदललं. तिचं जे काय झालं ते तिच्या सासरचं."

"आणि माझं?"

"तुझं पण तसंच ना. तू आता त्यांच्या घरची."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोन ठेवून दिला. बापाचं नाक, आजोबांची चिडखोर जीभ, हे माझ्यात आहे तेव्हा मी ह्यांची. जनुक तेवढं लग्नात अक्षता पडताना बदललं. रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं, ते सांगते, लपवत नाही. आजारपणात हा माणूस दर आठवड्याला डाळिंबं घेऊन येत होता, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता. आणि आता एका वाक्यात मला घराबाहेर काढून मोकळा झाला.

खरं कारण पुढच्या फोनला कळलं. भाचीचं लग्न जुळत होतं. स्थळ मालेगावकडचं, मुलगा पुण्याला नोकरीला. भावजय म्हणाली, "ताई, एवढं लग्न होऊन जाऊ द्या. मग करा काय तपासायचं ते." म्हणजे लग्न झालं की मुलगी त्या घरची, मग तिचा आजारही त्या घरचा. ह्या हिशेबापुढे मी हात टेकले.

मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी मला बोलावलं, कारण सख्खी आत्या नाही आली तर लोक विचारतील. पण माझ्या डोक्यावर जेमतेम बोटभर केस. भावजयीने आधीच बजावलं होतं, पदर घ्या, आणि कोणी विचारलंच तर टायफॉइड झाला होता म्हणून सांगा. विचारलंच. मुलाच्या आईने विचारलं, मी तोंड उघडायच्या आत भावजयीने टायफॉइड सांगून टाकला. त्या बाई भल्या निघाल्या. माझ्या शेजारी बसून त्यांनी मला माक्याचं तेल घरी कसं काढायचं ते सगळं सांगितलं, वर एक बाटली पाठवून देते म्हणाल्या. मी मान डोलावत पोहे गिळले. इतकी लाज मला केस गेले तेव्हाही वाटली नव्हती.

आत स्वयंपाकघरात भाची चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आत्या, मला असेल का गं?"

"माहीत नाही. तपासल्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

"मला जाणून घ्यायचंय. रोज आंघोळीला गेले की हातच तिकडे जातो. पण पप्पांच्या पाठीमागे नको. त्यांना कळलं तर ते मोडून पडतील."

पप्पा मोडून पडतील म्हणून ही पोर रोज न्हाणीघरात घाबरत होती. मी बाहेर येऊन परत पोहे खात बसले, काय करणार.

दिवाळीत भाऊबीजेला तो गंगापूर रोडला माझ्याकडे आला, दरवर्षीसारखा, भाचीला घेऊन. पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. तो डोक्यावर टोपी घालून बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ताट तसंच खाली ठेवलं.

"ओवाळ की," तो म्हणाला.

"आधी ओवाळणीचं ठरू दे. पाकीट नको, साडी नको. तुझं रक्त तपासायला दे."

"सणाच्या दिवशी काय हे, ताई."

"सणाच्या दिवशीच. एरवी तू फोन उचलत नाहीस."

तो चिडला. "अगं, हा बायकांचा आजार. माझा काय संबंध? पुरुषाच्या अंगात ते आहे का?"

"तुझा वळू दूध देतो का?"

तो डोक्यावरची टोपी सारखी करायला लागला.

"सांग ना. एक थेंब तरी देतो? मग त्याच्या आईचं दूध कशाला विचारतोस? तिच्या दुधाचा गुण वळूतून कालवडीत उतरतो हे तूच मला तासभर सांगितलंस. दुधाचा गुण उतरतो आणि आजार तेवढा गोत्र विचारून थांबतो होय? कालवडीचा कान तपासतोस आणि पोटच्या पोरीला घाबरत ठेवतोस."

भाची दारात उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "तू घाबरतेस?" त्याने विचारलं. तिने मान डोलावली. निरांजनातली वात कलंडली होती, मी ती सरळ केली. तो म्हणाला, "ओवाळ. देतो रक्त."

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्याच्यात निघालं. बाई बराच वेळ बोलत होत्या, मुलीची तपासणी, पुढे काय करता येतं, घाबरायचं नाही. त्याने फक्त एकदा विचारलं, "म्हणजे हिला असलं तर माझ्याकडूनच?" त्या म्हणाल्या, हो, पण यात तुमची चूक नाही. चूक नाही हे त्याला ऐकू आलं की नाही, मला शंका आहे. भाची तिथल्या तिथे रक्त द्यायला आत गेली, त्याने अडवलं नाही.

ती आत असतानाच त्याने बाहेरच्या बाकावर बसून मालेगावला फोन लावला. मी म्हटलं, घरी जाऊन बोल, विचार करून बोल. त्याने हातानेच मला गप्प केलं. सुरुवात मराठीत केली, मग अडखळला आणि 'आहे'चं 'शे' करत घरच्या बोलीवर आला. मुलीची तपासणी चालू आहे, असेल किंवा नसेल, तुम्हाला चालत असेल तर पुढे बोलू, नसेल तर माझा राग नाही, असं सगळं त्याने सांगितलं. ताईला टायफॉइड नव्हता हेही सांगितलं.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. बहुतेक तेच, की आजार बहिणीच्या सासरचा असेल.

"नही," तो म्हणाला. "आजार आमना घरना शे. बहीण आमनी शे."