डाव्या वळणाची गोगलगाय

रोपवाटिकेतल्या वहिनींचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. घरामागच्या पडीक जागेत त्यांनी नेच्यांची रोपं लावली आणि तिथेच रमल्या. "बोलणं सगळं रोपांशी," नवरा म्हणायचा, "माझ्या वाट्याला नुसता हुंकार."

नेच्यांचे कोवळे कोंब गोगलगायी फस्त करायच्या. औषध टाकलं की कोंबच करपायचे. मग एका संध्याकाळी कुंडीमागे पेन्सिलीएवढा बारीक साप दिसला. बोथट तोंड, मोठाले डोळे, चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य. सापांचा अभ्यास करणारा मावसभाऊ फोटो पाहून म्हणाला, "बिनविषारी आहे गं. याचं उपकुळच गोगलगायींवर जगतं. बहुतेक शंख उजवीकडे वळलेले, म्हणून याच्या उजव्या जबड्यात दात जास्त. शंख न फोडता आतला जीव अलगद ओढून काढतो."

वहिनींनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू.

पण तो थोरल्या नणंदेच्या नजरेस पडला, आणि घरात शब्द चालायचा तो तिचाच. "रविवारी सापवाला येऊन घेऊन जाईल. विषय संपला."

"बरं, वन्सं."

दुसऱ्या दिवसापासून वन्संच्या व्हरांड्यातल्या बिगोनियांची चाळण होऊ लागली. वहिनी फार हळहळल्या. हळहळ खरीच होती. फक्त रात्री व्हरांड्यात उपडी झालेली गोगलगायींची टोपलीही त्यांचीच होती, घाईघाईत भरलेली.

शनिवारी वन्संनी हात टेकले. "तुझा तो जावई एक रात्र इकडे पाठव."

वहिनींनी त्याला कुंडीसकट नेऊन ठेवलं. सकाळी व्हरांडाभर रिकामे शंख, एकही न फुटलेला. सापही वाचला आणि काठीही शाबूत! वहिनी मनातल्या मनात नाचल्या.

"एक मात्र सोडलीय त्यानं," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तळहातावर जिवंत गोगलगाय होती. तिचा शंख डावीकडे वळलेला. जावईबापूंचे उजवे दात तिथे फसले होते. "असल्या फक्त तुझ्या रोपवाटिकेतल्या टाकीमागे असतात. मागे तूच कौतुकानं दाखवल्या होत्यास. ही काय रिक्षा करून आली?"

वहिनी घाईघाईनं कुंडी उचलायला वाकल्या.

"गोगलगाय आणि पोटात पाय," वन्सं पुटपुटल्या. त्यांची नजर हातातल्या गोगलगायीवर नव्हती.

मग म्हणाल्या, "राहू दे जावयाला. सापवाल्याला नको म्हणून कळवते." वहिनी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ती गार, ओली गोगलगाय त्यांच्या हातावर आली. "त्याच्या दाताला न लागणाऱ्या तू वेचायच्या. रोज. माझ्यासमोर."

"बरं, वन्सं."

"आणि टोपली इथेच ठेव."