कण्हणं न्हवं की!
फिनेलचा वास आला की मला राजारामपुरीतलं ते प्रसूतिगृह आठवतं. माझी आई तिथं आया होती आणि शाळा सुटल्यावर मी जिन्याखालच्या बाकड्यावर गृहपाठ करत तिची वाट बघायचे. शाळेत मात्र मी एवढंच सांगायचे, की आई दवाखान्यात असते. त्या दुपारी ती व्हरांड्यातली फरशी पुसत होती आणि आतल्या खोलीत एक पहिलटकरीण सकाळपासून कण्हत होती. संडासला लागली म्हणून नवी सिस्टर तिला हाताला धरून बाहेर आणायला लागली, तोच आई हातातलं फडकं टाकून दार अडवून उभी राहिली. "सिस्टर, तिला न्हेऊ नका. मॅडमना हाक मारा." सिस्टर वैतागली, "अहो मावशी, सकाळपासून कण्हतेच आहे ती." "आता कण्हणं न्हवं की ते! कुंथाय लागलीया. बाळ खाली आलंय." डॉक्टर मॅडम धावत आल्या आणि माझं पुढचं गणित सुटायच्या आत बाळ रडलं. बाहेर येऊन मॅडम सिस्टरला म्हणाल्या, "मला नंतर विचारा, आधी मावशींना विचारत जा." आई तोवर परत फरशी पुसायला बसली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात, कुणी विचारलं नसताना, माझी आई आया आहे असं मी मोठ्यानं सांगितलं. आजही कुणी "कण्हत-कुंथत" असं एका दमात म्हणालं, की मी त्याला तिथंच थांबवते. ते दोन शब्द एक नव्हेत. त्यांच्या मधे दार अडवून माझी आई उभी आहे.