कचेरीच्या दारातला मांडव

आमच्या गल्लीतला शिवप्पा मांडववाला म्हंजे लई हट्टी माणूस. मी आचारी, त्याच्या मांडवामागं चुली पेटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून बोलायचा हक्क हाय मला. मांडव घालताना तो पहिल्या खांबाला हळदकुंकू लावायचा, आणि घरधन्याच्या हातची पानसुपारी घेतल्याबिगर उतरवताना एक गाठ सोडायचा न्हाय. आजापासूनचा नेम. नवी पेठेतल्या एका सराफानं पानसुपारीला टाळाटाळ केली, तर ह्यानं मांडव दुकानापुढं तसाच ठेवला. गिऱ्हाइकं वाकून आत शिरायला लागली, तेव्हा सराफाला सुपारी आठवली.

मग कोरोना आला. लग्नाला पन्नास माणसं. पन्नास माणसांना मांडव कशाला लागतोय, ओसरीवर मावतात. शिवप्पाचा माल गोदामात पडला, उंदरांची चैन झाली. निंगप्पा भंगारवाला अधूनमधून यायचा आणि खांब वाजवून बघायचा. शिवप्पा त्याला चहा पाजून वाटेला लावायचा.

"सरकार मदत देणार हाय मांडववाल्यास्नी," म्हणायचा. "ती आली की गोदामाचं भाडं फेडतो. माल इकणार न्हाय."

गोदामाच्या मालकानं दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. मदत आली तर माल शिवप्पाचा, न्हाय आली तर निंगप्पाचा.

आणि खरंच योजना आली की. अर्ज घेतले. मग कचेरीतून साहेबांचा फोन: योजनेचा शुभारंभ करायचाय, मोठे पाहुणे येणार, कचेरीच्या दारात मांडव घाला. शिवप्पानं भीत भीत भाड्याचं काढलं. साहेब म्हणाले, "अहो शिवप्पा, कार्यक्रम तुमच्यासाठीच आहे. घरच्या कार्याचं कुणी भाडं घेतं का?"

घ्या. लग्नाला पन्नास माणसं, शुभारंभाला तीनशे खुर्च्या. कोरोनालाबी सरकारी कार्यक्रम वळखू येत असणार. शिवप्पाला स्टेजवर बोलावून पुठ्ठ्याचा हा एवढा चेक हातात दिला, फोटो काढला आणि चेक काढून घेतला. पुढच्या तालुक्यात लागतो म्हणे.

पाहुणे गेले. शिवप्पा पानसुपारीची वाट बघत बसला. साहेबांना सांगितलं तर ते हसले. "बघू, वर विचारावं लागेल." त्यांना कसली घाई? त्यांची गाडी आता मांडवाच्या सावलीत लागत होती. शिपाईबी तिथंच डबा उघडून बसायला लागले.

शिवप्पाची बायको ईरम्मा वैतागली. "अवो, एक सुपारी म्या आणून देते. उतरवा त्यो मांडव."

"कार्य कुणाचं? तुजं का त्यांचं?"

मीबी दोन शिव्या हासडल्या. ढिम्म हलला न्हाय.

दिवाळीच्या तोंडावर तेच साहेब तपासणीला आले. मदत फक्त धंदा बंद पडलेल्यांना होती, म्हणून बंद हाय का ते बघायचं होतं. गोदाम उघडलं. आत चार फाटक्या कनाती.

"माल कुठाय?"

"तुमच्या दारात उभा हाय की, साहेब."

"म्हणजे बाहेर गेलाय."

"पर भाडं कुटं दिलंय तुमी?"

"तो विषय वेगळा. माल गोदामात नाही, म्हणजे धंदा सुरू आहे."

तसं लिहिलं, आणि जाऊन त्याच मांडवात गाडी लावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवप्पा मात्र गोदामाच्या पायरीवर बसून राहिला. रागावलाबी न्हाय, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दिवाळी झाली. शिवप्पानं निंगप्पाला निरोप धाडला. माल जिथं उभा हाय तिथूनच उचलायचं ठरलं. कचेरीपुढं टेम्पो लागला. साहेब बाहेर आले, ड्रायव्हरला गाडी दुसरीकडं सावलीत लाव म्हणाले आणि आत गेले.

शिवप्पा पहिल्या खांबाच्या गाठीवर हात ठेवून उभा राहिला. सोडेना. मी मनात म्हटलं, झालं, आता हितंबी अडतोय हा गडी.

निंगप्पानं त्याच्याकडं बघितलं. टेम्पोतून स्वतःची चंची आणली, पानावर सुपारी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"घ्या मालक," म्हणाला. "उतरवा."

शिवप्पानं पानसुपारी कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि गाठ सोडली.