माप मोठं घेतलं

मी डूख धरते. ही सवय वाईट, असं घरचे सांगत आले, पण मला तिचा कधी पश्चात्ताप झालेला नाही.

शब्दकोशाच्या एका ॲपसाठी मी मराठी लिहिते. इंग्रजी शब्द समोर येतो, त्याचा अर्थ आणि रोजच्या वापरातली दोन वाक्यं मी द्यायची. आमचा गटप्रमुख पुण्याचा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्याला बंगळुरात येऊन दीड वर्ष झालं होतं. आमच्या चार पिढ्या इथेच गेल्या. एका मीटिंगमध्ये त्याने माझं एक वाक्य पडद्यावर दाखवलं: ‘स्वल्प सरकून बसा.’

“मॅडम, ‘स्वल्प’ हे कन्नड झालं, मराठीत ‘जरा’,” तो म्हणाला. यादीत पुढचा शब्द ‘ओव्हरएस्टिमेट’ होता, तोच त्याने उचलला. “तुमचं मराठी मी जरा ओव्हरएस्टिमेटच केलं. हातातली यादी संपवा, आणि पुढच्या महिन्यापासून फक्त शुद्धलेखन तपासा.”

पाच जणांसमोर. त्यातला एक हसलासुद्धा. मी ‘सरी’ म्हटलं, म्हणजे ‘बरं’, पुन्हा कन्नडच, आणि खाली बघत बसले. घरी जाताना बसमध्ये आठवलं की मराठीत स्वल्पविराम नावाची वस्तू आहे. ती याला शाळेत कोणत्या भाषेत शिकवली होती? मला उत्तरं नेहमी अशी उशिरा सुचतात, म्हणून ती मी जपून ठेवते.

तो ‘ओव्हरएस्टिमेट’ आता मलाच मराठीत करायचा होता. ‘अतिमूल्यांकन’ कागदावर चालतं, पण नव्या जावयाबद्दल कुणी ‘आम्ही त्यांचं अतिमूल्यांकन केलं’ म्हणत नाही. ‘डोक्यावर बसवलं’ यात लाड आहेत. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवलं’ यात खोटी स्तुती आहे. मला पाहिजे होती ती साधी फसगत: माणूस आहे त्याहून मोठा वाटला, आणि नंतर कळलं.

जे. पी. नगरच्या घरी अप्पांना विचारलं. माझे वडील. त्यांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, आता डोळ्यांमुळे बंद आहे.

“माप मोठं घेतलं म्हणायचं की,” ते लगेच म्हणाले. “गिऱ्हाईक छाती फुगवून उभं राहतं. आपण टेप लावतो, लिहितो. मग सदरा घालून ते श्वास सोडतं, आणि सदरा लोंबतो. कापड पण गेलं, मेहनत पण गेली. तुझा आजोबा माणसांनाही तसंच म्हणायचा. ह्याचं माप आपण मोठं घेतलं, बघ.”

मीही ते लहानपणापासून ऐकत होते. आमच्या गल्लीतली सगळी मराठी घरं तसंच बोलायची. मी नोंद लिहिली, वाक्यं दिली. दुसऱ्या दिवशी खाली प्रमुखाचा शेरा आला: ‘असा वाक्प्रचार मराठीत नाही, ही बंगळुरी खिचडी आहे, काढावा.’

त्या एका शेऱ्यात दोन स्वल्पविराम होते. मी मोजले.

माझ्या मराठीवर बोलला तेव्हा मी गिळलं होतं. हे वाक्य अप्पांचं होतं. मी ते काढलं नाही, आणि त्याने पुन्हा उघडून पाहिलं नाही.

महिनाअखेरीला वरच्या मॅडमनी नोंदी बघायला घेतल्या. त्या कन्नडिगा, पण मुंबईत वाढलेल्या, मराठी चोख. पडदा माझ्या लॅपटॉपवरून चालला होता. ‘माप मोठं घेणे’ आलं आणि त्या थांबल्या. “हे फार छान आहे. कुठे मिळालं?”

मी तोंड उघडण्याआधी प्रमुख म्हणाला, “आमच्याकडे पुण्यात घरोघरी म्हणतात, मॅम. मीच सुचवलं.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट आनंद झाला. मी पान हळूहळू खाली सरकवलं, शेऱ्यापर्यंत, आणि तिथे थांबवलं. वर त्याचं नाव होतं, तारीख होती.

मॅडमनी तो शेरा मोठ्याने वाचला. ‘खिचडी’ हा शब्द तर त्यांनी सावकाश वाचला. त्या दिवशी हसलेला माणूस आता पाण्याच्या बाटलीचं झाकण बघत होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, “नोंद राहू दे. लिहिण्याचं काम यांच्याकडेच राहील. आणखी एक वाक्य द्या, रोजच्या वापरातलं.”

मी तिथेच, सगळ्यांसमोर टाइप केलं: ‘साहेब नवीन आले तेव्हा आम्ही त्यांचं माप मोठं घेतलं.’ मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मंजूर केलं.

घरी अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “पुरे झालं आता. सोडून दे.” मी ‘सरी’ म्हटलं, पण सोडलं नाही.

शेरा अजून नोंदीखाली आहे. गटातला कुणीही ती नोंद उघडली की दिसतो. नोंद लिहिणाऱ्यालाच तो मिटवता येतो, म्हणजे मला. पुढच्या आठवड्यात प्रमुख माझ्या टेबलापाशी आला, आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, तो शेरा काढून टाकाल का, प्लीज?”

या वेळी उत्तर वेळेवर सुचलं.

“स्वल्प थांबा,” मी म्हटलं.

तो थांबलाय. चार महिने झाले.