नव्या रेकॉर्डींचे वैरी

आमचे अण्णा रेकॉर्ड लावायच्या आधी घरातला पंखा बंद करायला लावत. हैदराबादचा मे महिना, तारनाक्यातला गच्चीखालचा फ्लॅट, आणि पंखा बंद. “पंख्याची घरघर चेल्लोच्या तारांत मिसळायलीय,” असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करत. ते बोट वर गेलं की कुणी खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, आणि कुकरची शिट्टी झालीच तर माझ्या माहेरच्यांचा उद्धार ठरलेला. अण्णा माझे सासरे. त्यांच्याविषयी प्रेमानं लिही, असं माझ्या नवऱ्याचं, सुहासचं म्हणणं आहे. मी प्रयत्न करते आहे, पण तो घाम आठवला की पेन अडतं.

बरं, रेकॉर्डी तरी कसल्या? गाण्यांच्या नव्हेतच. गाण्यांवर त्यांचा रागच होता. त्यांना हवं असे ते सिनेमाचं पार्श्वसंगीत: घोडे उधळताना, पाणबुडी बुडताना, खलनायक जिना उतरताना मागे जे वाजत असतं ते. अण्णांची सगळी नोकरी सिकंदराबादला, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. तरुणपणी तिथल्या लष्करी वस्तीतल्या थेटरांत इंग्रजी सिनेमे लागत. लोक मारामारी बघायला जात, अण्णा डोळे मिटून बसत. लष्करातल्या एखाद्या साहेबाची बदली झाली की घरातलं सामान विकायला निघे. शेजारीपाजारी फ्रिज आणि सोफ्यावर तुटून पडत, तेव्हा अण्णा कोपऱ्यातल्या खोक्यात हात घालून बसलेले असत. असं करत करत त्यांनी एक आख्खं कपाट भरलं. त्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. माझ्या सासूबाईंचे दागिने मात्र पिठाच्या डब्यात.

मला बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाक विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. नांदेडच्या आमच्या बैठकीत त्यांनी पिशवीतून छोटा प्लेयर काढला, एक तुकडा लावला आणि विचारलं, “काय ऐकू आलं?” मी म्हटलं, “व्हायोलिन.” अण्णा आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, “हं.” नुसतं ‘हं’. मुलगी पसंत पडली ती सुहासला आणि सासूबाईंना. अण्णांनी तो निकाल कधीच मान्य केला नाही असं माझं ठाम मत आहे, आणि त्या ‘हं’बद्दल मी त्यांना कधी सोडलं नाही.

त्यांचं खरं वैर मात्र माझ्याशी नव्हतं. ते होतं जुन्या रेकॉर्डींच्या नव्या आवृत्त्यांशी. हल्ली जुनी पार्श्वसंगीतं पुन्हा निघतात, आवाज धुऊन-पुसून, जाडजूड कव्हरात, सोबत पुस्तिका. अण्णांच्या मते हा गुन्हा होता. “बिर्याणीतला खडा मसाला वेचून टाकायचा आणि वर म्हणायचं, बघा कशी साफ केली,” असं ते म्हणत. नव्या आवृत्तीत पूर्वी न आलेले तुकडे जोडलेले असतात, त्यावर तर ते तुटून पडत. “ज्यानं बनवलं त्यानंच फेकून दिलं होतं ते. ह्यांनी उकिरड्यावरून उचलून आणलं, आन् आता आम्ही टाळ्या वाजवायच्या?” तुकडे सिनेमाच्या क्रमानं लावले तरी चिडत. म्हणत, सिनेमा थेटरात बघा, रेकॉर्डचा क्रम वेगळा असतो, तो जेवणासारखा लावलेला असतो, आधी ताक नंतर पुरणपोळी असं कुणी वाढतं का? एकदा सुहासनं हौसेनं गुलाबी रंगाची रेकॉर्ड आणली. अण्णांनी ती हातातही घेतली नाही. “कुल्फी आहे का? वितळायच्या आत खाऊन घे.”

जुम्मेरात बाजारात मोईनभाई म्हणून एक जुन्या सामानाचे दुकानदार होते. अण्णांना स्कूटरवर मागे बसवून तिथे न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मोईनभाईंनी एकदा नवी कोरी रेकॉर्ड पुढे केली. “साब, ये लेके जाव. बाहर का माल है. खरखर एक नै.”

“खरखर कायकू निकाले?” अण्णा गरजले. “किसने बोला था निकालने कू?”

“तुम बोले तो मैं खरखर अलग से डाल के देतूं, साब,” मोईनभाई शांतपणे म्हणाले.

मी हसले. परतीच्या वाटेवर अण्णा मोअज्जमजाही मार्केटपासून तारनाक्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो प्रवास मला फार सुखाचा झाला.

आता अण्णांच्या साठीची गोष्ट सांगते. अण्णांची सर्वांत लाडकी रेकॉर्ड एका वाळवंटातल्या सिनेमाची होती. ऐकून ऐकून तिच्या एका बाजूची चाळण झालेली. मी शाळेत नुकतीच लागले होते. माझ्या पगारातून मी त्याच रेकॉर्डची नवी आवृत्ती परदेशातून मागवली आणि साठीशांतीच्या दिवशी, सगळे पाहुणे असताना, त्यांच्या हातात दिली. अण्णांनी पंखा बंद करवला, सुई ठेवली, पहिला तुकडा संपायच्या आत उचलली आणि भरल्या घरात मला विचारलं, “सूनबाई, हिला मारलं कुणी?” पाहुणे खो खो हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन श्रीखंडाच्या पातेल्यात रडले. त्या दिवशी मी ठरवलं, ह्या माणसाला माफ करायचं नाही. ठरवलेलं मी पाळते.

पुढे सासूबाई गेल्या आणि अण्णांचा दरारा उलट वाढला. रविवारी सकाळी त्यांचे रेल्वेतले दोन मित्र येत. अण्णा जुनी आणि नवी आवृत्ती एकामागून एक लावत आणि नवीची सालटी काढत. मित्र माना डोलवत. मी चहा नेऊन देई आणि निघून येई.

अशाच एका रविवारी साठीला मी दिलेल्या भेटीवर खटला चालू होता. इतकी वर्षं कपाटाच्या तळाशी पडलेली ती रेकॉर्ड अण्णांनी मुद्दाम बाहेर काढली होती. वाळवंटातल्या शेवटच्या तुकड्यात सगळी वाद्यं थांबतात आणि एक बारीकशी घंटी वाजते. “ती घंटी ह्यांनी खाऊन टाकलीय,” अण्णा सांगत होते. “जुनीत आहे. नवीत नाही. ऐका.” सुई फिरली. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. वाद्यं थांबली. घंटी वाजली, अगदी लख्ख.

“बघा. गायब,” अण्णा म्हणाले.

“हौ, गायब,” एक मित्र म्हणाला. दुसऱ्यानं मान हलवली.

“वाजली की,” मी म्हटलं.

“तुला काय कळतं त्यातलं?”

माझं डोकं फिरलं. “पुन्हा लावा,” मी म्हटलं, ट्रे खाली ठेवला, आणि या वेळी बोट मी वर केलं. घंटी वाजली तेव्हा ते बोट खाली आणलं. “ही.”

अण्णांनी मित्रांकडे पाहिलं. ते दोघं ट्रेमधल्या कपांकडे बघत होते. तेवढ्यानं अण्णांना कळलं. त्यांनी कपाटातून आपली जुनी, मूळ रेकॉर्ड काढली, कापडानं पुसली आणि लावली. पुन्हा वाद्यं थांबली, पुन्हा मी बोट खाली आणलं. अण्णा माझ्या बोटाकडे बघत होते. त्यांना जुनीतलीही घंटी ऐकू आली नव्हती.

त्यांनी सुई उचलली. “चहा घ्या, निवायलाय,” असं मित्रांना म्हणाले.

मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखंच वाटलं. मित्र गेल्यावर मी गुणगुणत पोळ्या लाटल्या.

त्यानंतर अण्णांनी प्लेयरवर चादर टाकली. सुहासनं कानाचं मशीन आणलं. ते लावून अण्णांनी एकदाच संगीत ऐकलं आणि मशीन काढून बशीत ठेवलं. “हे काय आहे माहितीय? कानातच नवी आवृत्ती बसवलीय.” घरात सगळे त्यांच्याशी जपून बोलू लागले. ते काहीही म्हणाले तरी सुहास “हो अण्णा” म्हणे, मित्र “हौ” म्हणत. अण्णांना ते समजत होतं. एकदा त्यांनी मुद्दाम एका सुप्रसिद्ध तुकड्याबद्दल म्हटलं, “ह्याच्यात सनई किती गोड आहे.” त्यात सनई नव्हतीच. दोघेही मित्र म्हणाले, फारच गोड. अण्णा उठून आतल्या खोलीत गेले. त्या रविवारनंतर त्यांनी मित्रांना बोलावलं नाही.

आणि मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. चादर काढलेली होती, प्लेयरवर वाळवंटाची रेकॉर्ड होती. “बस. हे ऐक आन् सांग.”

“सुहासला बोलवा. मला शाळेचे पेपर तपासायचेत.”

“सुहास मला बरं वाटावं म्हणून बोलतो,” अण्णा म्हणाले. “तुला मी आवडत नाही. तू खरं सांगशील.”

मी बसले. पंखा त्यांनी स्वतः बंद केला. त्यांना त्याची घरघर ऐकू येत नव्हती, माझ्यासाठी केला. मी ऐकलं आणि सांगितलं: इथे तार कर्कश आहे, इथे ढोल पसरतो, इथे मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. “कोणत्या बाजूला?” अण्णा विचारत. “डावीकडे.” “बरोबर. तो खुर्चीवाला जुनीत आहे. नवीत बघ, त्याला ठेवलंय का हाकललंय.” अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. गोड त्या अजिबात नव्हत्या. माझे शब्द तोकडे पडले की ते खेकसत, त्यांनी न ऐकताच निकाल दिला की मी उठून जाई. “आवाज पातळ म्हणजे काय? वरणासारखा का ताकासारखा? नीट सांग!” आम्ही इतके भांडत असू की खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई एकदा विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना.

शेवटच्या वर्षी अण्णा अंथरुणाला खिळले. कानाशी ओरडून बोललं तरच काही पोचे. त्याच सुमाराला वाळवंटाच्या रेकॉर्डची आणखी एक नवी आवृत्ती निघाली, मूळ फितीवरून नव्यानं केलेली. सुहासनं ती मागवली. अण्णांनी खोकं पोटावर ठेवून घेतलं, कव्हराचा वास घेतला आणि मला म्हणाले, “ऐक. दोन्ही बाजू.”

मी प्लेयर त्यांच्या खोलीत आणला. सगळी रेकॉर्ड ऐकली. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत पडून होते. आणि पंचाईत अशी झाली की ती सुरेख होती. त्यांची लाडकी जुनी रेकॉर्ड तिच्यापुढे पडद्याआडून आल्यासारखी वाटावी इतकी सुरेख. खुर्चीवाला होता, घंटी होती, घंटीनंतर तिचा नाद विरत जातो तोसुद्धा होता. तो मी आधी कधीच ऐकला नव्हता.

सुहासनं मला दाराशी ओढलं. “वाईट आहे म्हण,” तो कुजबुजला. “जन्मभर ते हेच म्हणत आलेत. आता शेवटी कशाला? बेकार आहे म्हण, समाधानानं पडून राहतील.”

मला ते क्षणभर पटलं. सोपं होतं, दयेचंही होतं. मग मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी बोट वर केलेलं होतं, सुहासला गप्प करायला.

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि ओरडले, “चांगली आहे! तुमच्या जुनीपेक्षा चांगली!”

सुहासनं कपाळाला हात लावला. अण्णांचा चेहरा लाल झाला.

“काय म्हणालीस?”

“जुनीपेक्षा चांगली!”

“ढोल?”

“भरदार!”

“खोटं! फुगवला असंल. तारा?”

“मोकळ्या!”

“मोकळ्या म्हणजे काय? काय बोलायलीस? जुनीची दुसरी बाजू लाव. आधी ती ऐक, मग ही ऐक. इतकी वर्षं शिकवलं आन् हिला अजून...” अण्णा कोपरावर उठून बसायला धडपडत होते. सुहास त्यांना धरायला धावला, तर त्याला त्यांनी झटकलं. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. आमचं भांडण संध्याकाळच्या चहापर्यंत चाललं. मी एक पाऊल मागे हटले नाही, तेही हटले नाहीत. चहा मात्र त्यांनी मागून दुसरा कप घेतला.

थोड्याच दिवसांनी अण्णा गेले. भेटायला आलेली माणसं म्हणाली, शेवट शांत झाला म्हणतात. सुहास हो म्हणाला. मी म्हटलं, नाही, अजिबात शांत झाला नाही, भांडत होते. सुहासच्या आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांना घालवलं.

साठीशांतीचं मी अजून माफ केलेलं नाही, ‘हं’ही विसरलेले नाही. ती नवी रेकॉर्ड चांगली आहे, हे माझं मतही बदललेलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी ती लावते, मोठ्यानं म्हणते, “ढोल भरदार आहे, अण्णा,” आणि थांबते. कुणी उलट बोलत नाही. मग पुढचं ऐकवत नाही मला, सुई उचलते.