खुबा उथळ आहे

मथुराबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं. शिकवते म्हटलं की तुम्ही हसायचात. तेव्हा हे पत्र तुम्हाला बोलूनच सांगायला हवं. तुमची आणि सारंगाची गोष्ट लिहायला घेतली आहे. तुम्ही म्हणाला असतात, "त्यात काय लिवायचं? कुत्रा होता, लंगडत होता." खरं आहे. पण माणसांच्या आजारपणावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातलं निम्मं मला वाचवत नाही. कुत्र्यापायी एक धडधाकट बाई कशी जेरीला आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझं कुठे चुकलं तर नेहमीसारखं "छ्या" म्हणा. मी थांबणार नाही.

भाट्याच्या खाडीकडेला माडांच्या सावलीत मथुराबाईंचं घर होतं. नवरा भिकाजी बोटीवर आगवाला, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा लोटणारा. वर्षातून एकदा घरी यायचा, तोही बोटीने सोडलं तर. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात धाकटा दीर आत्माराम बायकोमुलांसह राहायचा. मथुराबाई माडांना पाणी घालायच्या, झावळ्या विणायच्या, ओहोटीला खाडीत शिंपल्या काढायच्या आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या.

एकोणीसशे तेहतीसचा पावसाळा सरला, बोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा भिकाजीने गावच्या खलाशाबरोबर एक पिल्लू पाठवलं. कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या कुत्रीचं. कान उभे, पंजे भाकरीएवढे. बरोबर तोंडी निरोप: नाव सारंग ठेव. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. "तो मला इथे दिवसभर शिव्या देतो. तू तिथे त्याच्या नावाने देत जा. फिटंफाट."

मथुराबाईंनी नवऱ्याची आज्ञा मनापासून पाळली. "सारंगा, मेल्या, चूल कोणी उकरली?" असं त्या खळ्यातून ओरडल्या की वाडीतले बोटीवरून रजेवर आलेले बाप्ये पोट धरून हसायचे. आधीची दोन कुत्री वाघाने नेली होती, म्हणून याला त्या घरातच निजवायच्या. रात्री घरात आपल्याखेरीज दुसरा एक श्वास चालू आहे, याची त्यांना सवय लागली. अशी सवय लागणं चांगलं नव्हे, पण लागते.

दिवाळीच्या सुमाराला सारंग विचित्र पळायला लागला. मागचे दोन्ही पाय जोडीने उचलायचा, सशासारखा. पोरं टाळ्या पिटायची. मथुराबाईही हसल्या. मग एका थंडीतल्या सकाळी तो उठेचना. पुढचे पाय ताठ करून धड उचलायचा, मागचं तसंच जमिनीला. उठला तरी ढुंगण डावी-उजवीकडे झुलायचं. "सारंग दारू पिऊन आला," कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी मथुराबाई हसल्या नाहीत.

मग उपाय सुरू झाले. उंडीचं तेल कोमट करून चोळलं. निगडीच्या पाल्याचा शेक दिला. पावस गावचा हाडवैद्य आला. त्याने पाय धरून ओढला, कट्ट असा आवाज झाला. "बसलं हाड," म्हणून तो नारळ घेऊन गेला. दुसऱ्या सकाळी चालताना तसाच कट्ट आवाज आला. ते हाड बसायचं आणि निसटायचं, दिवसातून कितीदा तरी. मथुराबाई आडव्या पडून त्याच्या मांडीला कान लावायच्या. "भांड्याचं झाकण सैल असतं ना," त्यांनी मला नंतर सांगितलं, "तसं आतनं वाजायचं."

वाडी म्हणाली, डाग द्या. बैलाला देतात तसा. मथुराबाईंनी कोयतीचं टोक निखाऱ्यात लाल केलं आणि दिला. सारंग ओरडला नाही. नुसता अंग आखडून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि पुढे कितीतरी दिवस चुलीच्या बाजूला फिरकला नाही.

"वयनी, पुरे करा आता," आत्माराम म्हणाला. "डागला तेव्हा तरी तोंडातनं आवाज काढलान काय? तसाच आताही सोसतोय. मुकं जनावर हाय, म्हणून दुखत नाय असं नाय. खोताच्या शिकाऱ्याला सांगतो. एक बार, सुटंल बिचारा."

आत्माराम वाईट माणूस नव्हता. मोडलेल्या जनावराचं काय करतात हे त्याला ठाऊक होतं, इतकंच.

"शिमग्यापातूर थांबा भावोजी," मथुराबाई म्हणाल्या.

पौषात त्यांनी सारंगाला होडीत घालून खाडीपलीकडे रत्नागिरीत गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर देशावरचे, नुकते बदलून आलेले आणि कायम घाईत. त्यांनी कुत्र्याला उताणं केलं, मांड्या फाकवून पाहिल्या. मग सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "बाई, याचा खुबा उथळ आहे. औषध नाही. रोज पाण्यात घालत जा." आणि गेले.

देशावर खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेत बसतं तो सांधा. भाट्यात त्याला नुसतं कंबरडं म्हणत. भाट्यात खुबा एकच, खाडीच्या चिखलातला, शिंपल्यातला, कालवणाचा. आणि कुत्र्याला 'घालणं' म्हणजे खायला घालणं. मथुराबाई होडीत बसून परत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळं नीट जुळलं होतं. औषध नाही, म्हणजे खुबेच औषध. उथळ पाण्यातले. रोज घालायचे.

"डागतर शाणा हाय," त्यांनी आत्मारामाला सांगितलं. "शिंपल्यात चुना असतो. चुन्याने हाड भरतं."

त्या दिवसापासून ओहोटी लागली की मथुराबाई गुडघाभर चिखलात. वाडीतल्या बायका कालवणापुरते खुबे काढायच्या, या डालगं भरून काढायच्या. बोटं चिरली, नखांत रेती गेली. उकडायचे, सोलायचे, भातात कालवायचे. सारंग खादाडच होता. तो फुगला. केस चकचकीत झाले, मान जाड झाली, आणि मागचं आणखी बसत चाललं. मथुराबाईंना वाटलं, कमी पडतात. त्यांनी आणखी घातले. आता तो उंबरठाही चढेना. त्याला उचलायचं म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कमरेचे काटे ढिले व्हायचे.

मी तेव्हा रत्नागिरीत मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि रविवारी वाऱ्यासाठी होडीने भाट्याला जायची. माघातल्या एका रविवारी मथुराबाई डालगं घेऊन चिखलातून वर येत होत्या.

"एवढे खुबे कुणाला?" मी विचारलं.

"सारंगाला. डागतरांनी सांगितलेत."

"काय सांगितलं? त्यांचेच शब्द सांगा."

त्यांनी शब्द न शब्द सांगितला. मी हात स्वतःच्या कमरेखाली ठेवला. "मथुराबाई, खुबा म्हणजे हा. तो उथळ आहे, म्हणून हाड निसटतं. पाण्यात घाला म्हणजे पोहायला घाला. पाय हलतील आणि वर भार पडणार नाही."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग डालग्याकडे. "मग मी इतके दिवस त्याला काय घातलं?"

"वजन," मी म्हटलं.

त्यांनी डालगं तिथेच पालथं केलं. रडल्या नाहीत. पण नंतर कुणीही काहीही सांगितलं तरी त्या तेच दोनदा वदवून घ्यायच्या. "म्हंजे काय, ते सांगा," म्हणायच्या. मीठ किती घालायचं हेसुद्धा.

आता उलटं सुरू झालं. सारंगाचा भात निम्म्याने कमी केला. तो थाळी चाटून चाटून अंगणभर ढकलायचा. त्याच्यादेखत त्यांना घास उतरेना, म्हणून त्या घरामागे उभ्याने जेवायच्या. भरतीला जुन्या लुगड्याचा पट्टा त्याच्या पोटाखालून घेऊन त्या छातीभर पाण्यात उतरायच्या. आणि पाण्यात सारंग लंगडा नव्हता. मागचे पाय चांगल्या कुत्र्यासारखे एकामागून एक चालायचे. मथुराबाई ते पाण्यातून वाकून बघत राहायच्या. वर आलं की पुन्हा तेच कट्ट, तेच झुलणं. पाण्यातलं बरेपण किनाऱ्यावर येत नव्हतं.

शिमगा तोंडावर आला. आत्मारामाने शिकाऱ्याला सांगितल्याचं कळलं, तशी मथुराबाई होडीने शाळेत आल्या. फाटकातच म्हणाल्या, "मास्तरीणबाय, तुमी डागतरांना एकच विचारा. त्याला दुखतं काय? औषध नको, काय नको. निजलेला असतो तेव्हा दुखतं काय, एवढंच. तुमी विचारा, म्हंजे शब्द चुकणार नाय. दुखत असंल तर मी भावोजींच्या आड येणार नाय."

डॉक्टर गुरांच्या साथीसाठी राजापूरकडे गेले होते, होळीनंतर यायचे होते. आले की विचारते, असं मी सांगितलं.

धुळवडीच्या दिवशी आत्माराम शिकारी बाबल्याला घेऊन आला. घर उघडं होतं. मथुराबाई खाडीत होत्या, पौर्णिमेच्या उधाणात, सारंगाला पट्ट्यात धरून. दोघे काठावर उभे राहिले.

"वयनी, भायेर या."

"तुमी जा भावोजी. घरी पोळ्या वाट बघतायत."

"भरती काय जन्मभर ऱ्हात नाय."

"ऱ्हाईल तवर ऱ्हाईन."

बाबल्या बंदूक मांडीवर घेऊन माडाखाली बसला. वाडीतून ढोल ऐकू येत होता. पाणी उतरायला लागलं. छातीचं कमरेला आलं, कमरेचं गुडघ्याला. सारंगाचे पाय तळाला लागले. तो क्षणभर उभा राहिला, झुलला आणि चिखलात बसला. मथुराबाईंनी पट्टा ओढून पाहिला, मग त्याही लुगड्यानिशी त्याच्याशेजारी बसल्या. थंडीने त्यांचे ओठ काळे पडले होते.

बाबल्या उठला, पुढे गेला, पाहिलं आणि मागे फिरला. "आत्माराम, बसल्या जनावरावर मी बार काढत नाय. बापसाची शपथ हाय. उठला म्हंजे बोलव."

"अरे, तो उठत नाय म्हणून तर तुला आणलाय!"

"मग मी काय करू?" म्हणून बाबल्या बंदूक खांद्याला लावून पोळ्यांकडे चालता झाला.

आत्माराम काठावर एकटा राहिला. थोड्या वेळाने त्याने धोतर खोचलं, चिखलात उतरला आणि लुगड्याचं मागचं टोक उचललं. "धरा पुढनं," म्हणाला. दोघांनी सारंगाला घरापर्यंत आणलं. आत्माराम धापा टाकत पायरीवर बसला आणि खाली बघत बोलला, "आज उचलला. पण दुखत असंल वयनी त्याला. तुमच्यापायी गप ऱ्हातोय."

 दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीने मथुराबाई शाळेत आल्या. अंगात ताप होता.

"डागतर आले?"

"सोमवारी येतात. विचारते मी."

"विचारू नका."

"का?"

"दुखतं म्हणाले, तर काय करायचं ते मी बोलून बसलेय. आणि नाय म्हणाले, तर मला ते खरं वाटायचं नाय."

सारंग त्यानंतर काही वर्षं जगला. भरतीला पाण्यात, एरवी पडवीत. सकाळी त्याला उठवायला कधी मथुराबाई, कधी शिव्या देत आत्माराम. भिकाजी रजेवर आला तेव्हा त्याच्यासमोर कुत्रा उठेना, तर म्हणाला, "खरा सारंग निघाला. बसून हुकूम सोडतो."

डॉक्टर त्या सोमवारी आले. दवाखाना माझ्या शाळेच्या वाटेवरच होता. बदली होऊन जाईपर्यंत ते मला जवळजवळ रोज भेटायचे आणि सायकलवरूनच विचारायचे, काय बाई, काही काम? काही नाही, म्हणून मी पुढे जायची. तुम्ही विचारू नका म्हणाला होतात, मथुराबाई. मी विचारलं नाही.